गालावर व्रण पडला म्हणून स्टुडिओनं काढून टाकलं, पुढं तीच हॉलिवूडच्या येड्या कॉमेडीची राणी झाली

आमिर खान आणि पूजा भटचा 'दिल है के मानता नहीं' आठवतोय? श्रीमंत बापाची हट्टी पोरगी घरातून पळून जाते, बसमध्ये तिला एक पत्रकार भेटतो आणि रस्ताभर भांडत भांडत दोघं प्रेमात पडतात. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, राज कपूर आणि नर्गिसनं 'चोरी चोरी'मध्ये हीच गोष्ट केली होती. या दोन्ही सिनेमांचं मूळ एकच, १९३४ साली आलेला हॉलिवूडचा 'इट हॅपन्ड वन नाईट'.

त्या सिनेमाचा हिरो होता क्लार्क गेबल. हिरॉइनच्या रोलसाठी एका पोरीला विचारण्यात आलं होतं, पण दुसऱ्या सिनेमाच्या तारखांमुळं तिला जमलं नाही. सिनेमाला पाच ऑस्कर मिळाले, त्यातलं एक हिरॉइनला. हातची संधी गेलेली ती पोरगी मात्र पुढं या प्रकारच्या सिनेमांची राणी झाली आणि क्लार्क गेबलची बायकोही झाली.

तिचं नाव कॅरोल लोम्बार्ड.

तिची गोष्ट सांगण्याआधी हा सिनेमाचा प्रकार काय ते समजून घेऊ. याला म्हणतात स्क्रूबॉल कॉमेडी. शब्द आला बेसबॉलमधून. बॅटरला बॉल एका बाजूला वळेल असं वाटतं आणि तो वळतो भलत्याच बाजूला, तो स्क्रूबॉल. आपल्या क्रिकेटमधल्या गुगलीसारखाच. अमेरिकेच्या बोलीभाषेत स्क्रूबॉल म्हणजे डोक्यानं जरा सरकलेला माणूससुद्धा.

या सिनेमांत सगळं भपकेबाज असायचं. मोठे स्टार, महालासारखे सेट, हजारो डॉलरचे गाऊन. आणि त्या भपक्यात वावरणारी माणसं मात्र पार येडी. हिरॉइन हिरोपेक्षा जास्त बोलणार, जास्त भांडणार आणि शेवटी त्यालाच लग्नाला उभं करणार.

हे सिनेमे चालले त्याला दोन कारणं होती. पहिलं म्हणजे मंदी. १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि १९३३ पर्यंत तिथल्या साधारण दर चार कामगारांपैकी एकाला काम नव्हतं. अशा लोकांना श्रीमंतांचे बंगले बघायलाही आवडायचे आणि त्याच श्रीमंतांची फजिती बघायलाही. दुसरं कारण सेन्सॉरशिप. १९३४ च्या मध्यापासून हॉलिवूडमध्ये कडक नियम लागू झाले. पडद्यावर प्रेम दाखवायची पंचाईत झाली, मग लेखकांनी ते भांडणात दाखवायला सुरुवात केली.

आता कॅरोलकडं येऊ.

६ ऑक्टोबर १९०८ ला इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावात तिचा जन्म झाला. खरं नाव जेन अॅलिस पीटर्स. आईवडिलांचं पटेना म्हणून आई तिन्ही मुलांना घेऊन लॉस एंजेलिसला आली. दोन मोठ्या भावांबरोबर वाढलेली ही पोरगी गल्लीत पोरांसारखीच खेळायची. १२ वर्षांची असताना ती बेसबॉल खेळत होती आणि अॅलन ड्वान नावाच्या दिग्दर्शकानं तिला बघितलं. १९२१ च्या 'अ परफेक्ट क्राइम'मध्ये तिला छोटंसं काम मिळालं.

सोळाव्या वर्षी तिला फॉक्स स्टुडिओचा करार मिळाला. दिसायला देखणी, त्यामुळं सगळं सुरळीत होईल असं वाटत होतं. तेवढ्यात एका कार अपघातात समोरची काच फुटली आणि तुकडे तिच्या चेहऱ्यात घुसले. डाव्या गालावर व्रण राहिला. तेव्हाच्या हॉलिवूडमध्ये हिरॉइनच्या चेहऱ्यावर व्रण म्हणजे करिअर संपलं. फॉक्सनं करार मोडला.

एवढ्यावर कुणीही गाशा गुंडाळला असता. तिनं दोन गोष्टी केल्या.

एक म्हणजे कॅमेरा आणि लाइटचं तंत्र समजून घेतलं. कुठल्या बाजूनं लाइट मारला की व्रण दिसत नाही हे ती कॅमेरामनच्या बरोबरीनं शिकली. दुसरी गोष्ट, मॅक सेनेटच्या कंपनीत गेली. हा माणूस छोट्या विनोदी फिल्म बनवायचा. धावाधाव, आपटाआपटी, तोंडावर क्रीमचा केक फेकून मारणं, असला सगळा कारभार. देखण्या नटीला तिथं जाणं कमीपणाचं वाटलं असतं. कॅरोल १९२७ ते १९२९ तिथं राबली. पडायचं कसं, उठायचं कधी आणि हसू नेमकं कुठल्या क्षणाला येतं, हे ती तिथं शिकली.

१९३० मध्ये पॅरामाउंटनं तिला घेतलं. पण तिथं पुन्हा तेच, छान कपडे घालून छान दिसायचं काम. १९३१ मध्ये तिनं विल्यम पॉवेल या मोठ्या स्टारशी लग्न केलं, १९३३ मध्ये दोघं वेगळे झाले. सिनेमे येत होते, जात होते.

१९३४ मध्ये दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं तिला 'ट्वेंटिएथ सेंच्युरी'त घेतलं. समोर जॉन बॅरीमोर, रंगभूमीचा बादशहा. एक भांडकुदळ नाट्यनिर्माता आणि त्यानं घडवलेली नटी ट्रेनमध्ये एकमेकांच्या उरावर बसतात, अशी गोष्ट. तालमीत कॅरोल आखडली. ती अभिनय करतेय हे लांबूनही कळत होतं.

हॉक्स पुढं हा किस्सा सांगायचा. त्यानं तिला बाजूला नेलं आणि विचारलं की, खऱ्या आयुष्यात एखादा पुरुष तुझ्याशी असं बोलला तर तू काय करशील? ती म्हणाली, लाथ घालीन, आणि कुठं घालीन तेही तिनं सांगितलं. हॉक्सनं तिला तेच करायला सांगितलं. पुढच्या टेकला ती बॅरीमोरवर लाथा झाडत सुटली आणि तो बिचारा खरोखर मागं सरकला. तिथून पुढं कॅरोल लोम्बार्डला अभिनय करताना कुणी पकडलं नाही. पुढच्या सिनेमांचं शूटिंग सुरू होण्याआधी ती हॉक्सला त्या लाथेची आठवण करून देणारी तार पाठवायची, असंही तो सांगायचा.

तिचं खरं शिखर आलं १९३६ मध्ये, 'माय मॅन गॉडफ्री'. यात न्यूयॉर्कच्या श्रीमंत लोकांचा एक खेळ चाललाय. कुणीच घेणार नाही अशा वस्तू शोधून आणायच्या. त्या यादीत एक बेकार, बेघर माणूसही आहे. कॅरोलनं केलेली आयरीन नदीकाठच्या उकिरड्यावरून गॉडफ्री नावाच्या माणसाला उचलून आणते आणि पुढं त्याला घरात बटलर म्हणून ठेवते. मग हळूहळू लक्षात येतं की त्या झगमगीत घरात डोकं ठिकाणावर असलेला तो एकटाच आहे.

गंमत म्हणजे गॉडफ्री झाला होता विल्यम पॉवेल, कॅरोलचा आधीचा नवरा. ही भूमिका तिनंच करावी म्हणून तोच अडून बसला होता. घटस्फोटाला तीन वर्षं झाली होती, दोघांची मैत्री मात्र टिकली होती.

सहायक कलाकारांसाठीचे ऑस्कर त्याच वर्षी सुरू झाले आणि अभिनयाच्या चारही गटांत नामांकन मिळवणारा 'गॉडफ्री' हा पहिला सिनेमा ठरला. कॅरोललाही नामांकन मिळालं. सिनेमाला एकूण सहा नामांकनं होती, हाती एकही बाहुली आली नाही.

१९३७ मध्ये रंगीत 'नथिंग सेक्रेड' आला. एका छोट्या गावातल्या पोरीला डॉक्टर चुकून सांगतो की ती मरणार आहे. न्यूयॉर्कचा एक पेपर तिला हिरो बनवतो, सगळं शहर तिच्यासाठी रडतं. आपल्याला काहीच झालेलं नाही हे तिला माहीत असतं, पण फुकटची ट्रिप सोडवत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर खोटी पोस्ट व्हायरल झाल्याची ही गोष्ट आहे. सिनेमा ८५ वर्षांपेक्षा जुना आहे, पण बघताना तसं वाटत नाही.

एव्हाना ती हॉलिवूडच्या सर्वात महागड्या नट्यांपैकी एक झाली होती. वर्षाची कमाई साडेचार लाख डॉलरच्या घरात. त्यातला बराचसा भाग टॅक्समध्ये गेला, तर आपल्याला या देशानं दिलंय, टॅक्स भरायला आनंदच आहे, असं तिनं जाहीरपणे सांगितलं. लोकांनी तिला आणखी डोक्यावर घेतलं.

मार्च १९३९ मध्ये 'गॉन विथ द विंड'च्या शूटिंगमधून सुट्टी काढून क्लार्क गेबलनं तिच्याशी लग्न केलं. मोठा गाजावाजा नाही, अॅरिझोनातल्या किंगमन गावात जाऊन लग्न उरकलं. मग दोघं हॉलिवूडच्या पार्ट्यांपासून लांब एका रँचवर राहू लागले.

मधल्या काळात तिनं गंभीर सिनेमे करून बघितले, पण लोकांना ती हसताना, पडताना, भांडतानाच हवी होती. मग तिनं आल्फ्रेड हिचकॉकला गळ घालून १९४१ मध्ये 'मिस्टर अँड मिसेस स्मिथ' ही कॉमेडी करायला लावली. नटांना गुराढोरांसारखं वागवावं असं हिचकॉक म्हणतो अशी चर्चा होती. शूटिंगच्या पहिल्या दिवशी तो सेटवर आला तर तिथं छोटा गोठा उभारलेला आणि आत तीन वासरं. गळ्यात सिनेमाच्या तीन कलाकारांच्या नावाच्या पाट्या!

त्याच वर्षाच्या शेवटी तिनं अर्न्स्ट लुबिचचा 'टू बी ऑर नॉट टू बी' केला. वॉर्सामधली एक नाटक कंपनी नाझींचे कपडे घालून खऱ्या नाझींना गंडवते, अशी ही कॉमेडी. लुबिच स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू. शूटिंग चालू असतानाच ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली.

सरकारला युद्धासाठी पैसा हवा होता, त्यासाठी बॉण्ड विकायचे होते. कॅरोल आईला घेऊन आपल्या इंडियाना राज्यात गेली. १५ जानेवारी १९४२ ला इंडियानापोलिसमध्ये पाच लाख डॉलरचं टार्गेट होतं. तिनं एका दिवसात वीस लाख डॉलरपेक्षा जास्त बॉण्ड विकले.

परत ट्रेननं यायचं ठरलं होतं. तिला घरी लवकर पोचायचं होतं. आई आणि बरोबरचा प्रसिद्धी अधिकारी विमानाला तयार नव्हते. शेवटी नाणं उडवलं आणि कॅरोल जिंकली, असं सांगितलं जातं.

१६ जानेवारीला संध्याकाळी विमानानं लास वेगासहून उड्डाण केलं. हल्ल्याच्या भीतीनं त्या भागात विमानांना वाट दाखवणारे बरेचसे दिवे बंद होते. थोड्याच वेळात विमान पोटोसी डोंगरावर आदळलं. आतले २२ च्या २२ जण गेले. त्यात १५ जण लष्कराचे होते. कॅरोलचं वय होतं ३३.

काही आठवड्यांनी 'टू बी ऑर नॉट टू बी' प्रदर्शित झाला. विमानात काय होऊ शकतं, अशा अर्थाचा तिच्या तोंडचा एक संवाद निर्मात्यांनी कापला होता. अनेक समीक्षकांना सिनेमा रुचला नाही. वॉर्सा जळत असताना हसायचं कसं, असा त्यांचा सवाल होता. आज तोच सिनेमा अभिजात मानला जातो. १९८३ मध्ये हॉलिवूडनं त्याचा रिमेक केला आणि २००८ चा आपला 'मान गये मुघल-ए-आझम' त्याच गोष्टीवर बेतलेला होता.

गेबल त्याच वर्षी हवाई दलात भरती झाला आणि युरोपवरच्या मोहिमांत बॉम्बर विमानांतून गेला. पुढं त्यानं आणखी दोन लग्नं केली. १९६० मध्ये तो गेला तेव्हा त्याला कॅरोलच्या शेजारी पुरलं.

राहता राहिला प्रश्न, की हे सिनेमे अजून का बघितले जातात?

भपका तर प्रत्येक काळात असतो आणि तो जुनाही होतो. गाऊनची फॅशन बदलते, सेट खोटे वाटायला लागतात. पण एवढ्या थाटात उभी असलेली देखणी स्टार जेव्हा स्वतःचं हसं करून घ्यायला तयार होते, तेव्हा समोरचा माणूस तिला आपलं मानतो. हे धाडस सगळ्यांकडं नसतं. कॅरोलकडं होतं, कारण चेहऱ्यावर विसंबून चालणार नाही हे तिला अठराव्या वर्षाच्या आसपासच कळलं होतं.

बघायचं असेल तर 'माय मॅन गॉडफ्री'पासून सुरुवात करा. अमेरिकेत त्याचा कॉपीराइट संपलाय, त्यामुळं इंटरनेटवर सहज सापडतो. दीड तासाचा मामला आहे.