अकरा दिवस आणि सहासष्ट कादंबऱ्या

३ डिसेंबर १९२६ची रात्र. इंग्लंडमधील सनिंगडेल गावच्या आपल्या घरी झोपलेल्या सात वर्षांच्या मुलीचा निरोप घेऊन अगाथा ख्रिस्ती मोटार घेऊन बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोटार सरे परगण्यात न्यूलँड्स कॉर्नर येथे उतारावर सापडली. आत त्यांचा फरचा कोट होता. त्या मात्र नव्हत्या. पोलीस, वृत्तपत्रे आणि हजारो हौशी माणसे शोधाला लागली. आर्थर कॉनन डॉइल यांनी तर बाईंचा हातमोजा मिळवून तो प्रेतात्म्यांशी संवाद साधणाऱ्या एका माध्यमाच्या हाती दिला. अकरा दिवसांनी, १४ डिसेंबरला, बाई हॅरोगेटच्या एका हॉटेलात सापडल्या. नोंदवहीत त्यांनी लावलेले आडनाव होते नील. पती आर्ची ख्रिस्ती यांचे ज्या तरुणीवर प्रेम जडले होते, तिचेच ते आडनाव!

रहस्यकथांच्या राणीचे हे रहस्य उकलायचा मोह अनेकांना झाला. १९७९ साली त्यावर 'अगाथा' नावाचा चित्रपटही निघाला. निवृत्तीनंतर मी बाईंच्या सहासष्ट रहस्यकादंबऱ्या प्रकाशनाच्या क्रमाने वाचल्या आणि माझे कुतूहल दुसरीकडे वळले. त्या अकरा दिवसांत काय घडले, यापेक्षा बाराव्या दिवसापासून ही बाई उभी कशी राहिली, हा प्रश्न मला मोठा वाटू लागला.

१५ सप्टेंबर १८९० रोजी डेव्हनमधील टॉर्की येथे त्यांचा जन्म झाला. मुलीने आठव्या वर्षापर्यंत वाचायला शिकू नये असे आईचे मत. लेक पाचव्या वर्षीच आपली आपण वाचू लागली. अकरा वर्षांची असताना वडील गेले आणि सुखवस्तू घराला पैशाची चणचण जाणवू लागली. १९१४च्या नाताळच्या आदल्या दिवशी आर्चीशी लग्न झाले. पहिल्या महायुद्धात त्यांनी टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिकेचे आणि मग औषधे तयार करण्याचे काम केले. विषांची खडानखडा माहिती झाली ती तिथेच. गावात आलेल्या बेल्जियन निर्वासितांना पाहून हर्क्यूल पॉयरोची कल्पना सुचली.

'द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स' ही पहिली कादंबरी अनेक प्रकाशकांनी परत केली. अखेर १९२० साली ती छापली गेली आणि बाईंच्या हाती पडले अवघे २५ पौंड. शिवाय पुढची पाच पुस्तके त्याच प्रकाशकाला देण्याचे बंधन. बँकेत उमर गेलेल्या माणसाची नजर आधी करारावर जाते, म्हणून हे सांगितले. तेव्हा पोटापाण्याची काळजी नव्हती. लिहिणे ही हौस होती. त्यामुळे तो करार खपून गेला.

१९२६ने ती हौस संपवली. एप्रिलमध्ये आई गेली. त्यानंतर 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' प्रसिद्ध होऊन नाव गाजू लागले, आणि त्याच सुमारास पतीने घटस्फोट मागितला. बेपत्ता प्रकरणाची धूळ खाली बसण्याआधीच, मुलगी आणि सचिव यांच्यासह कॅनरी बेटांवर जाऊन त्यांनी 'द मिस्ट्री ऑफ द ब्लू ट्रेन' रेटत पुरी केली. हे पुस्तक त्यांना कधीच आवडले नाही. पण मन लागत नसताना, सुचत नसताना पान भरायचे, हे त्या इथे शिकल्या. हौशी लेखिकेची व्यावसायिक लेखिका इथे झाली, असे त्या स्वतःच मानीत.

१९२८ साली घटस्फोट झाला. त्याच वर्षी त्या एकट्याच ओरिएंट एक्स्प्रेसने बगदादकडे निघाल्या. उर येथील उत्खनन पाहायला १९३० साली पुन्हा गेल्या, तेव्हा तेरा वर्षांनी लहान असलेले पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन भेटले आणि त्याच सप्टेंबरात लग्न झाले. हा संसार शेवटपर्यंत टिकला. पुढे निमरूदच्या उत्खननात सापडलेले प्राचीन हस्तिदंती कोरीवकाम ही जगप्रसिद्ध लेखिका चेहऱ्याला लावायच्या क्रीमने आणि विणकामाच्या सुईने साफ करीत बसे.

पडद्याशी मात्र बाईंचे फारसे जमले नाही. बिली वाइल्डरचा 'विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन' (१९५७) त्यांना आवडला. मिस मार्पलला घोड्यावर बसवणारे, तलवार चालवायला लावणारे साठच्या दशकातले चित्रपट रुचले नाहीत. 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'च्या परवानगीसाठी लॉर्ड माउंटबॅटन यांना शब्द टाकावा लागला, कारण निर्माता त्यांचा जावई होता. आपल्या या अखेरच्या व्हाइसरॉयनी १९२४ साली बाईंना पत्राने एक कथाकल्पना सुचवली होती. 'अ‍ॅक्रॉइड'च्या कल्पनेशी तिचे नाते आहे. चित्रपट १९७४ साली आला. बाईंना तो पसंत पडला, फक्त पॉयरोच्या मिशा काही पटल्या नाहीत.

आपल्याकडे राजा नवाथे यांचा 'गुमनाम' (१९६५) आणि बी. आर. चोप्रांचा 'धुंद' (१९७३) याच झाडाच्या फांद्या. पण मला विचाराल, तर बाई खऱ्या उतरल्या त्या दूरदर्शन मालिकांत. जोन हिक्सनची मिस मार्पल विणता विणता माणसे वाचते. डेव्हिड सुशेने १९८९ ते २०१३ या काळात सत्तर भागांत पॉयरो साकारला आणि त्या टापटिपीमागचे एकाकीपणही दाखवले.

मग त्या अकरा दिवसांचे काय? आत्मचरित्रात बाई त्याविषयी अवाक्षर काढीत नाहीत. मात्र मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने त्यांनी रहस्याविना सहा कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या १९३४च्या 'अनफिनिश्ड पोर्ट्रेट'मध्ये नवऱ्याने टाकलेली, जीव द्यायला निघालेली एक स्त्री एका अनोळखी माणसाला रात्रभर आपली कहाणी सांगते. त्याच वर्षी 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'ही प्रसिद्ध झाली. एका नावाने जगाला कोडे घालायचे आणि दुसऱ्या नावाने, कोणी ओळखणार नाही अशा बेताने, मनातले सांगून टाकायचे! ते टोपणनाव जवळजवळ वीस वर्षे गुपित राहिले.

१२ जानेवारी १९७६ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी बाई गेल्या. १९५२ साली रंगभूमीवर आलेल्या 'द माउसट्रॅप'चे हक्क त्यांनी नातवाला वाढदिवसाची भेट म्हणून आधीच देऊन टाकले होते. पहिल्या पुस्तकाला २५ पौंड मिळालेल्या लेखिकेने दिलेली ही भेट. त्यांच्या कथेत शेवटी सारे दुवे जुळतात, दोषी सापडतो, घराला पुन्हा स्वास्थ्य लाभते. स्वतःच्या आयुष्यात तसे झाले नाही. तिथे त्यांनी कोणालाच दोषी ठरवले नाही. नवे पान घेतले आणि लिहायला बसल्या.