हाइके कामर्लिंग ओन्नेस

हाइके कामर्लिंग ओन्नेस (२१ सप्टेंबर १८५३ – २१ फेब्रुवारी १९२६) हे नेदरलँड्समधील प्रायोगिक भौतिकशास्त्रज्ञ होते. हेलियम वायूचे द्रवीकरण आणि अतिसंवाहकतेचा शोध ही त्यांची प्रमुख कार्ये होत. १९१३ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जीवन

ओन्नेस यांचा जन्म ग्रोनिंगन येथे झाला. वडिलांचा विटांचा कारखाना होता. हायडेलबर्ग येथे बुन्सेन व किर्खहोफ यांच्या हाताखाली काही काळ शिकून त्यांनी १८७९ साली ग्रोनिंगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय होता पृथ्वीचे परिभ्रमण नव्हे, तर तिचे स्वतःच्या अक्षाभोवतीचे परिवलन. १८८२ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, ते लायडन विद्यापीठात प्राध्यापक झाले. अचूक मोजमापाविना ज्ञान नाही, अशी त्यांची धारणा होती.

लायडनची प्रयोगशाळा

कुशल कारागिरांवाचून शीत तापमान गाठता येणार नाही, हे ओन्नेस यांनी लवकर ओळखले. १९०१ साली त्यांनी उपकरणे घडवणाऱ्यांसाठी व काचकाम करणाऱ्यांसाठी शाळा काढली. तेथील उमेदवार मुले निळ्या अंगरख्यांमुळे ओळखली जात. त्याआधी वायूंच्या स्फोटाच्या भीतीने नगरपालिकेने हरकत घेतल्यामुळे काही वर्षे काम अडून राहिले होते. ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. १८०७ साली दारूगोळ्याच्या जहाजाचा स्फोट होऊन उद्ध्वस्त झालेल्या जागेवरच प्रयोगशाळा उभी होती.

१० जुलै १९०८ रोजी, पहाटेपासून चाललेल्या प्रयोगात, सुमारे ६० घन सेंटिमीटर द्रव हेलियम मिळाले. पुढील १५ वर्षे लायडनखेरीज अन्यत्र कोठेही ते तयार होत नव्हते.

अतिसंवाहकता

केवल शून्य तापमानाजवळ (उणे २७३.१५ अंश सेल्सियस) धातूचा विद्युत रोध वाढेल, असे लॉर्ड केल्व्हिन यांचे मत होते. तो हळूहळू घटत जाईल, अशी ओन्नेस यांची अपेक्षा होती. सोने व प्लॅटिनम यांतील अशुद्धीमुळे मापनात काही रोध उरतच असे. पारा ऊर्ध्वपातनाने अतिशुद्ध करता येतो, म्हणून त्याची निवड झाली. ८ एप्रिल १९११ रोजी पाऱ्याचा रोध मोजता येणार नाही इतका कमी झाल्याचे आढळले. पुढील प्रयोगांत असे दिसून आले की तो हळूहळू घटत नाही, तर सुमारे ४.२ केल्व्हिन तापमानाला एकाएकी नाहीसा होतो.

हे काम एकट्याचे नव्हते. शीतयंत्रणा खेरिट फ्लिम सांभाळत. तापमानाच्या मापनात कोर्नेलिस डोर्समान यांचे साहाय्य होते. पंपांच्या कंपनांचा उपद्रव होऊ नये म्हणून वेगळ्या खोलीत ठेवलेल्या विद्युतमापकावर रोधाची मापने खिलेस होल्स्ट घेत. शोधनिबंधावर नाव मात्र एकट्या ओन्नेस यांचे आहे. प्राध्यापकाच्याच नावे निबंध निघण्याची तेव्हा रीत होती, हे खरे. तरीही होल्स्ट यांचे नाव मागे पडले, ही उणीव राहतेच. ते पुढे फिलिप्स कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले.

अतिसंवाहक तारेचे शक्तिशाली चुंबक बनवण्याची ओन्नेस यांची आकांक्षा फळास आली नाही. शिसे व कथिल यांची अतिसंवाहकता माफक चुंबकीय क्षेत्रातच लोप पावते. जिनिव्हाजवळच्या आजच्या महाकाय कणत्वरकातील चुंबकांच्या तारा नायोबियम व टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या असून, त्या १.९ केल्व्हिनच्या द्रव हेलियमने थंड ठेवल्या जातात.

हेलियम गोठवण्याचे ओन्नेस यांचे प्रयत्नही अपुरे राहिले. त्यांच्या निधनानंतर चार महिन्यांनी विलेम केसोम यांनी त्याच प्रयोगशाळेत घनरूप हेलियम मिळवले.