मिशनचा पगार सोडून संन्यास घेतलेले ख्रिस्ती कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

टिळक म्हटलं की लोकमान्य आठवतात. पण त्याच काळात कोकणातलेच आणखी एक टिळक महाराष्ट्रात गाजत होते. ते म्हणजे नारायण वामन टिळक, फुलामुलांचे कवी.

१८६१ साली दापोली तालुक्यातल्या करजगावात त्यांचा जन्म झाला. लहान वयातच आई गेली आणि ते घराबाहेर पडले. नाशिकला संस्कृत शिकले आणि पुढे शिक्षक, कीर्तनकार अशी मिळेल ती कामं करत गावोगाव फिरले. १८९१ च्या सुमारास ते विदर्भात आले. नागपूरचे धनाढ्य आप्पासाहेब बुटी यांनी त्यांना आश्रय दिला. वैदिक साहित्याचं काम होतं, मान होता, मनात आणलं असतं तर आयुष्य सुखात गेलं असतं.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. दोघांचं बोलणं कवितेवरून धर्मावर गेलं आणि उतरताना त्याने 'नवा करार' टिळकांच्या हाती दिला. पुस्तक वाचताना टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. संपत्ती पृथ्वीवर साठवू नका, देव आणि धन अशा दोन मालकांची चाकरी एकाच वेळी होत नाही, असं सांगणारा हाच तो भाग.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पैशासाठी धर्म बदलला, हा आरोप त्या काळी प्रत्येक धर्मांतरितावर व्हायचा. टिळकांचा हिशेब मात्र उलटा निघाला. जात गेली, नातेवाईक तुटले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. नवराबायकोची ही ताटातूट काही वर्षं चालली. पुढे त्या अहमदनगरला आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतः विचार करून, नवऱ्याच्या मागे फरफटत नव्हे.

नगरला टिळक मिशनच्या धर्मशिक्षण शाळेत शिकवायचे. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'चा मराठी विभाग सांभाळू लागले. दर महिन्याला पगार यायचा आणि तसाच जायचा. दारी आलेल्याला हातात असेल ते देऊन टाकायचं, ही त्यांची रीत. घरात कायम परक्यांची मुलं असायची, बालकवी ठोंबरेही त्यांच्याकडे राहिले. या दातृत्वाचं कौतुक सगळे करतात, पण चूल कोण पेटवत होतं हेही बघायला हवं! अपरिग्रह टिळकांनी निवडला होता, लक्ष्मीबाईंच्या वाट्याला तो न विचारता आला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी ही ओढाताण हसत हसत सांगितली आहे. त्यामुळे ती कमी होती असं समजायचं कारण नाही.

टिळकांना मात्र वेगळंच टोचत होतं. परदेशी पैशावर चालणारा, परदेशी चालीवर गाणारा ख्रिस्ती धर्म या मातीत रुजणार कसा? म्हणून त्यांनी तुकोबांच्या वाटेने जाऊन अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तनं केली. शेवटी १९१७ मध्ये पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, ख्रिस्ताला मानणाऱ्या कुणालाही तिथे जागा होती. साठीला आलेल्या, प्रकृती खालावलेल्या माणसाने हक्काचं उत्पन्न सोडणं ही तेव्हाही साधी गोष्ट नव्हती.

दरबाराला जेमतेम दोन वर्षं मिळाली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं.

त्यानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी धरली. तिथे भागेना, तेव्हा त्या कराचीला गेल्या. टिळकांच्या मागे राहिलेल्या कागदांत 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य होतं, अवघे दहा अध्याय लिहून झालेलं. शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पूर्ण केलं.