एल. टी. सी. रोल्ट

लायोनेल थॉमस कॅसवॉल रोल्ट, प्रचलित नाव टॉम रोल्ट (११ फेब्रुवारी, इ.स. १९१० – ९ मे, इ.स. १९७४) हे इंग्लिश लेखक, अभियंते आणि अभियंत्यांचे चरित्रकार होते. इंग्लंडमधील जुने कालवे आणि वेल्समधील टॅलिलिन रेल्वे वाचविण्याच्या चळवळींच्या प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. इ.स. १९३९ च्या उन्हाळ्यात त्यांनी पत्नीसह क्रेसी नावाच्या नौकेतून कालव्यांचा प्रवास केला. त्यावर आधारित 'नॅरो बोट' (१९४४) या पुस्तकामुळे ब्रिटनमध्ये कालव्यांविषयी नवी आस्था निर्माण झाली. सुट्टीत नॅरोबोट घेऊन कालव्यांतून फिरण्याची आजची लोकप्रिय प्रथा बऱ्याच अंशी या पुस्तकाने जागविलेल्या चळवळीचे फलित आहे. मात्र कालव्यांचे भवितव्य केवळ सहलींवर अवलंबून असावे, असे स्वतः रोल्ट यांना वाटत नव्हते.

पार्श्वभूमी

इंग्लंडमधील बहुतेक कालवे १८व्या शतकाच्या उत्तरार्धात आणि १९व्या शतकाच्या प्रारंभी कोळसा, चिनी माती व इतर माल वाहून नेण्यासाठी खोदले गेले. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मध्य इंग्लंडमधील कालव्यांवर सुमारे ७ फूट रुंदीचे लॉक बांधले. त्यामुळे तेथील नौकाही तितक्याच अरुंद आणि सुमारे ७० फूट लांब असत. यावरूनच त्यांना नॅरोबोट हे नाव मिळाले.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी किंवा विटांचा हौद होय. नौका चढावर न्यायची असल्यास ती रिकाम्या हौदात घेऊन मागील दरवाजा बंद करतात व हँडल फिरवून वरच्या बाजूच्या झडपा उघडतात. हौद भरत जातो तशी नौका वर येते आणि पाण्याची पातळी समान झाली की पुढचा दरवाजा उघडता येतो. उतारावर हीच क्रिया उलट क्रमाने होते. या कामाला पंपाची किंवा इंजिनाची गरज लागत नाही.

प्रारंभी काठावरून चालणारे घोडे या नौका ओढत असत. नावाड्यांची कुटुंबे नौकेच्या मागील भागातील लहानशा खोलीत राहत आणि गुलाबांच्या व किल्ल्यांच्या रंगीत चित्रांनी ती सजवीत. पुढे रेल्वे आणि मालमोटारींच्या स्पर्धेमुळे ही वाहतूक घटत गेली.

प्रारंभिक जीवन

रोल्ट यांचा जन्म चेस्टर येथे झाला. वडिलांची गुंतवणूक बुडाल्याने कुटुंबाला आर्थिक ओढाताण सोसावी लागली. त्यांचे बालपण वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय परिसरात आणि पुढे ग्लॉस्टरशायरमधील स्टॅनली पॉन्टलार्ज येथे गेले. शालेय शिक्षणानंतर त्यांनी वाफेच्या नांगरांच्या कारखान्यात आणि नंतर स्टोक-ऑन-ट्रेंट येथील केर, स्टुअर्ट या रेल्वे इंजिने बनविणाऱ्या कंपनीत उमेदवारी केली. इ.स. १९३० मध्ये ही कंपनी बंद पडली. मंदीच्या त्या काळात त्यांना स्थिर नोकरी मिळणे कठीण झाले. पुढे हॅम्पशायरमधील एका मोटार गॅरेजमध्ये ते भागीदार झाले.

त्यांचे नातलग काइरल विलन्स यांनी क्रेसी ही पूर्वी घोड्यांनी ओढली जाणारी लाकडी नौका विकत घेऊन तिच्यावर वाफेचे इंजिन बसविले होते. इ.स. १९३० मध्ये रोल्ट यांनी याच नौकेतून प्रथम कालव्याचा प्रवास केला.

क्रेसीवरील प्रवास

जुलै १९३९ मध्ये रोल्ट यांचा अँजेला ऑरेड यांच्याशी विवाह झाला. क्रेसी त्यांनी विकत घेतली होती. बॅनबरी येथील टूली यांच्या नौका-कारखान्यात तिचे घरात रूपांतर करण्यात आले. तिच्यात पुस्तकांसाठी फळ्या आणि स्नानासाठी टबही होता. त्याच महिन्याच्या अखेरीस हे दांपत्य ऑक्सफर्ड कालव्यातून उत्तरेकडे निघाले. मध्य इंग्लंडमधील कालव्यांच्या आणि नद्यांच्या या प्रवासात त्यांनी नावाडी, लॉकचे रखवालदार, नौका बांधणारे कारागीर आणि काठावरील खेडी यांचे जवळून निरीक्षण केले. सप्टेंबरमध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाल्याने सफरीचे स्वरूप बदलले. तरीही क्रेसी पुढे अनेक वर्षे त्यांचे घर राहिली.

इ.स. १९४१ ते १९४६ या काळात ही नौका वुस्टरशायरमधील टार्डबिग येथे होती. तेथे ३० लॉकची सलग मालिका कालव्याला सुमारे २२० फूट वर नेते. युद्धकाळात रोल्ट सरकारी पुरवठा खात्यात काम करीत. डिसेंबर १९४४ मध्ये 'नॅरो बोट' प्रकाशित झाले. लवकरच नष्ट होईल अशी भीती असलेल्या श्रमजीवी समाजाची नोंद, असे या प्रवासवर्णनाचे स्वरूप आहे.

कालवे बचाव चळवळ

पुस्तक वाचून लेखक रॉबर्ट एकमन यांनी रोल्ट यांच्याशी संपर्क साधला. इ.स. १९४५ मध्ये त्यांची टार्डबिग येथे भेट झाली आणि पुढील वर्षी इनलँड वॉटरवेज असोसिएशन ही संघटना स्थापन झाली. एकमन तिचे अध्यक्ष आणि रोल्ट मानद सचिव होते.

स्ट्रॅटफर्ड कालव्यावर किंग्ज नॉर्टनजवळील उचलता येणाऱ्या पुलाच्या जागी रेल्वे कंपनीने स्थिर पूल बसविला होता. त्यामुळे नौकांची वाट अडली होती. मात्र नौकानयनाचा कायदेशीर हक्क कायम होता. मे १९४७ मध्ये रोल्ट यांनी त्या हक्काच्या आधारे आगाऊ सूचना देऊन क्रेसी तेथे नेली. कंपनीला जॅक लावून पूल उचलावा लागला. गाळाने भरलेल्या कालव्यातून नौका कष्टाने पार झाली.

पुढे संघटनेत धोरणात्मक मतभेद झाले. प्रत्येक कालवा वाचलाच पाहिजे, असा एकमन यांचा आग्रह होता. उपलब्ध शक्ती मालवाहतूक चालू असलेल्या कालव्यांवर आणि नावाड्यांच्या उपजीविकेवर केंद्रित करावी, असे रोल्ट यांचे मत होते. या वादातून इ.स. १९५१ मध्ये त्यांना संघटनेतून काढण्यात आले. त्याच सुमारास जीर्ण झालेली क्रेसी त्यांनी सोडली आणि त्यांचा पहिला संसारही संपुष्टात आला.

रेल्वे आणि लेखन

ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅम येथे रोल्ट यांच्या पुढाकाराने झालेल्या सभेतून टॅलिलिन रेल्वे वाचविण्यासाठी संस्था उभी राहिली. इ.स. १९५१ पासून स्वयंसेवकांनी ही अरुंदमापी रेल्वे चालविण्यास सुरुवात केली. स्वयंसेवकांनी जतन केलेली ही जगातील पहिली रेल्वे मानली जाते. तेथील व्यवस्थापकपदाचा अनुभव त्यांनी 'रेल्वे ॲडव्हेंचर' (१९५३) मध्ये लिहिला. 'रेड फॉर डेंजर' (१९५५) हे रेल्वे अपघातांवरील पुस्तक तसेच ब्रुनेल (१९५७), टेलफर्ड (१९५८) आणि जॉर्ज व रॉबर्ट स्टीफन्सन (१९६०) यांची चरित्रे ही त्यांची महत्त्वाची ग्रंथसंपदा होय.

युद्धकाळात मालवाहू नौकांवर काम केलेल्या सोनिया स्मिथ यांच्याशी त्यांनी दुसरा विवाह केला. त्यांना दोन मुलगे झाले. स्टॅनली पॉन्टलार्ज येथे रोल्ट यांचे निधन झाले.

वारसा

इ.स. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यात कालवे अनेक आठवडे गोठले. आधीच क्षीण झालेली नॅरोबोटींची मालवाहतूक त्यानंतर जवळजवळ संपली. इ.स. १९६८ च्या वाहतूक कायद्याने अनेक कालव्यांना सहलीच्या नौकानयनासाठी मान्यता दिली. रोल्ट यांना प्रिय असलेले नावाड्यांचे जीवन टिकले नाही. ज्या मार्गांवर ते जीवन घडले, ते मार्ग मात्र टिकले. आज उन्हाळ्यात हजारो कुटुंबे भाड्याच्या नॅरोबोटी घेऊन स्वतःच लॉकचे दरवाजे उघडत त्यांवरून प्रवास करतात. बॅनबरी येथील कालव्यावरील एका पुलाला आणि टॅलिलिन रेल्वेच्या एका इंजिनाला टॉम रोल्ट यांचे नाव देण्यात आले आहे.