बाबासाहेबांचे शिक्षण आणि रमाईंचा संसार

वणंदच्या रमाईंचे लग्न बालवयातच विद्यार्थी भीमरावांशी झाले. १९१२ साली बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले, त्याच वर्षी यशवंतरावांचा जन्म झाला. पुढे १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात, १९२० मध्ये लंडनला शिकायला गेले. मागे रमाईंनी गोवऱ्या थापून घर चालवले. पाचपैकी चार लेकरे त्यांनी गमावली. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या.

आम्ही वस्त्यांत काम करताना पाहतो, लग्न झालेला मुलगा शिकतो तेव्हा घर त्याच्या पाठीशी असते. सून कॉलेजला निघाली, की तिच्यासाठी रमाई व्हायला कुणी तयार नसते. तिची हजेरी घटते, परीक्षा बुडते. रमाई जयंती साजरी करणाऱ्या तरुणांनो, पत्नी शिकत असेल तर चूल आणि लेकरू तुम्ही सांभाळा. जय भीम!