कर्नल साईक्स आणि दख्खनचे मासे

दारणेच्या पाण्यावर वाढणाऱ्या इगतपुरी तालुक्यातील विद्यार्थ्यांस कर्नल विल्यम साईक्स ह्यांचे चरित्र ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते. त्यांचा जन्म १७९० साली झाला. मुंबई सरकारने १८२४ साली त्यांस दख्खनच्या पाहणीवर नेमिले. १८२९ साली ती जागा मोडली; तरी विनावेतन खपून त्यांनी १८३१ साली ते काम तडीस नेले. येथील नद्यांतील मासेही त्यांनी अभ्यासिले व कित्येकांची मराठी नावेच शास्त्रात कायम केली. गळाने मासे धरणाऱ्यांस अतिप्रिय अशा दख्खनी महसीराच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा शब्द आजही आहे. १८७२ साली साईक्स निवर्तले. नाव ग्रंथात टिकले. परंतु धरणांनी व घाणीने तो मासा अनेक नद्यांत विरळ झाला. दारणा निर्मळ राखणे, हे आता आमचे विनावेतन काम होय.