लिंचिंगचा हिशेब मागणारी संपादिका

मे २०२० मध्ये अमेरिकेत तीन आठवड्यांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ४ मे रोजी पुलित्झर मंडळाने इडा बी. वेल्स या कृष्णवर्णीय पत्रकार स्त्रीला मरणोत्तर विशेष सन्मान जाहीर केला. २५ मे रोजी मिनियापोलिस शहरात एका पोलीस अधिकाऱ्याने जॉर्ज फ्लॉइड यांची मान गुडघ्याखाली दाबून धरली आणि भर रस्त्यात त्यांचा प्राण गेला. त्यानंतर उसळलेल्या निदर्शनांत जो प्रश्न विचारला गेला तो नवा नव्हता. कायद्याच्या रक्षकांच्या ताब्यात असलेल्या माणसाच्या जिवाचा जाब कोणाला विचारायचा, हा तो प्रश्न. इडा वेल्स यांनी आपले उभे आयुष्य त्याच्या पाठपुराव्यात घालवले होते.

त्यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज या गावी गुलाम आईबापांच्या पोटी झाला. वडील सुतार, आई स्वयंपाकीण. इडा सहा महिन्यांची होण्यापूर्वीच लिंकन यांची मुक्ततेची घोषणा अमलात आली, तरी प्रत्यक्ष गुलामगिरी संपण्यास यादवी युद्धाचा शेवट उजाडावा लागला. वडिलांना राजकारणाची आवड होती आणि मुलींनी शिकावे असा आग्रहही होता. (इडा दहा-अकरा वर्षांची असताना, १८७३ साली, इकडे पुण्यात जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. त्या मुक्तीचे पुढे काय झाले, याची हकीगत म्हणजेच इडा यांचे चरित्र.) १८७८ सालच्या पीतज्वराच्या साथीत आई, वडील आणि एक तान्हा भाऊ असे तिघेही गेले. नातलगांनी व शेजाऱ्यांनी उरलेली भावंडे वाटून घेण्याचा बेत केला. सोळा वर्षांच्या इडाने तो मोडून काढला, वय वाढवून सांगून खेड्यातल्या शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली आणि संसार चालवला. काही वर्षांनी ती टेनेसी राज्यातील मेम्फिस येथे आली.

तेथे रेल्वेशी तिचा खटका उडाला. स्त्रियांच्या डब्याचे पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असताना गाडीतील कंडक्टरने तिला उठून धूम्रपानाच्या डब्यात जाण्यास फर्मावले. तिने नकार दिला. त्याने दंड धरून ओढताच ती त्याच्या हाताला कडकडून चावली. अखेर माणसे गोळा करून तिला बाहेर काढण्यात आले आणि डब्यातील गोऱ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. तिने कंपनीवर दावा लावला. १८८४ च्या अखेरीस खालच्या न्यायालयाने पाचशे डॉलरची भरपाई मंजूर केली, पण १८८७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवून उलट खर्चच तिच्यावर लादला. न्यायालयावरचा तिचा विश्वास या एका निकालाने बराच खचला, असे तिच्या पुढील लिखाणावरून दिसते. याच सुमारास ती वर्तमानपत्रांतून लिहू लागली. १८८९ मध्ये ‘फ्री स्पीच’ या मेम्फिसच्या पत्रात भागी घेऊन ती संपादिका झाली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दैना छापल्याबद्दल १८९१ साली शिक्षिकेची नोकरी गेली, आणि पत्रकारिता हाच पूर्णवेळ व्यवसाय उरला.

पुढच्याच वर्षी जे घडले त्याने तिच्या आयुष्याला कायमची दिशा दिली. मेम्फिसच्या हद्दीवर, ट्रामचा रस्ता जेथे वळण घेई त्या वस्तीत, टॉमस मॉस, कॅल्व्हिन मॅक्डॉवेल आणि विल स्ट्यूअर्ट या तिघा कृष्णवर्णीयांनी किराणा मालाचे दुकान थाटले होते. मॉस दिवसा टपाल वाटी आणि रात्री दुकान सांभाळी. इडा त्याच्या मुलीची धर्ममाता होती. समोरच एका गोऱ्या वाण्याचे जुने दुकान होते आणि नव्या दुकानामुळे त्याचे गिऱ्हाईक तुटले होते. गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या भांडणाचे निमित्त झाले, ते मोठ्यांच्या मारामारीपर्यंत गेले, आणि मार्च १८९२ मधील एका रात्री काही सशस्त्र माणसे साध्या वेशात दुकानात शिरली. गुंडच चालून आले अशा समजुतीने आतल्या लोकांनी गोळ्या झाडल्या. जखमी झालेले लोक शेरीफचे हस्तक निघाले. मग धरपकड झाली, घरांच्या झडत्या झाल्या, तिघा भागीदारांना तुरुंगात टाकले. ९ मार्चच्या पहाटे बुरखेधारी जमाव तुरुंगात शिरला, तिघांना गावाबाहेर नेले आणि गोळ्या घालून ठार केले. कोणावरही खटला चालला नाही. दुकान पुढे त्याच गोऱ्या वाण्याच्या घशात गेले.

इडा त्या वेळी परगावी होत्या. परतल्या तेव्हा दफनही उरकले होते. इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवावी लागेल. तोवर त्यांचाही समज सर्वसामान्यांसारखाच होता. लिंचिंग वाईट खरे, पण बळी पडणारा बहुधा स्त्रीवर अत्याचार करणारा नराधम असतो, असे त्या धरून चालल्या होत्या. मॉसने कोणाच्याही केसाला धक्का लावला नव्हता. त्याचा अपराध एवढाच, की त्याचे दुकान चालत होते. तेव्हा इतरांच्या बाबतीत तरी खरे काय, हे तपासून पाहावे असे इडा यांनी ठरवले, आणि येथून पत्रकारितेतील एक वेगळीच कामगिरी सुरू झाली.

आधी मेम्फिसमध्ये प्रतिकार उभा राहिला. ज्या शहरात जीव सुरक्षित नाही ते सोडून जा, असे ‘फ्री स्पीच’ने लिहिले आणि हजारो कृष्णवर्णीय माणसे ओक्लाहोमाकडे निघाली. ट्रामवर बहिष्कार पडला. तो इतका झोंबला, की ट्राम कंपनीचे अधिकारी स्वतः पत्राच्या कचेरीत येऊन लोकांची समजूत घालण्याची विनवणी करू लागले. गोरी पत्रे ओक्लाहोमातील हालअपेष्टांची वर्णने छापू लागली, तेव्हा इडा स्वतः तेथे जाऊन तीन आठवडे फिरून आल्या आणि डोळ्यांनी पाहिले ते छापले. माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराच्या तब्बल त्रेसष्ट वर्षे आधीची ही गोष्ट आहे. त्या मानाने तिची आठवण फारशी कोणाला नाही.

मे महिन्यात त्यांनी एक छोटे संपादकीय लिहिले. अत्याचाराचा आरोप ही बहुधा सबब असते, आणि गोऱ्या स्त्रिया व कृष्णवर्णीय पुरुष यांच्यातील राजीखुशीच्या संबंधांवरही तोच शिक्का मारला जातो, असे त्यात सूचित केले होते. शहर खवळले. लेखक पुरुष असावा असे समजून काही पत्रांनी त्याला कोणती शिक्षा द्यावी याची जाहीर वर्णने केली. २७ मे रोजी जमावाने कचेरी आणि छपाईचे साहित्य यांचा नाश केला. त्यांचे सहकारी कसेबसे निसटले. इडा पूर्वेकडे प्रवासात होत्या, म्हणून वाचल्या. परतल्यास जीव जाईल असे निरोप आले. दक्षिणेचे दार त्यांना सुमारे तीन दशके बंद झाले.

न्यूयॉर्कमध्ये टी. टॉमस फॉर्च्यून यांच्या ‘न्यूयॉर्क एज’ या पत्रात त्यांनी सारी हकीगत छापली, आणि त्याच वर्षी ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका आली. तिचा खर्च न्यूयॉर्क व ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी सभा भरवून जमवलेल्या पैशांतून निघाला. या पुस्तिकेची आणि १८९५ च्या ‘अ रेड रेकॉर्ड’ची पद्धत आजही शिकण्यासारखी आहे. इडा यांनी आकडे आपल्या पदरचे घातले नाहीत. गोऱ्यांच्या मालकीच्या ‘शिकागो ट्रिब्यून’ने दरसाल छापलेल्या याद्या घेतल्या, नावे, गावे, आरोप लावून पाहिले. आधीच्या आठ वर्षांत ७२८ कृष्णवर्णीयांचे लिंचिंग झाले होते आणि त्यांतील जेमतेम एकतृतीयांश लोकांवर अत्याचाराचा नुसता आरोप तरी होता. बाकीच्यांवर चोरी, भांडण, उद्धटपणा असली कारणे. काहींच्या बाबतीत तर कारणच नाही. विरोधकांच्याच वहीतून काढलेला हिशेब खोटा ठरवणे कोणाला जमले नाही.

१८९३ आणि १८९४ साली त्या ब्रिटनमध्ये गेल्या. त्यांना बोलावणाऱ्यांत कॅथरीन इम्पी होत्या, ज्या ‘अँटी-कास्ट’ नावाचे मासिक काढत. जात हा हिंदुस्थानच्या संदर्भात रुळलेला शब्द वर्णद्वेषासाठी वापरणारे हे मासिक वसाहतींतील प्रजेचीही बाजू मांडत असे. त्याच सुमारास दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत बसत होते, आणि काळा माणूस म्हणून पंतप्रधान सॉल्सबरी यांनी त्यांची केलेली हेटाळणी लंडनच्या स्मरणात ताजी होती. इडा यांच्या व्याख्यानांचा उपयोग नैतिक होता तसाच व्यापारीही होता. मेम्फिसचा कापूस इंग्लंडातील गिरण्या घेत. १८९४ साली मेम्फिसजवळ सहा कृष्णवर्णीय कैदी मारले गेले तेव्हा शहरातील प्रतिष्ठितांनी निषेधाची सभा घेतली आणि तेरा गोऱ्यांवर आरोपही ठेवले गेले. शिक्षा कोणालाच झाली नाही, हा भाग वेगळा.

मधल्या काळात, १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात कृष्णवर्णीयांना स्थान नाही म्हणून फ्रेडरिक डग्लस यांच्यासह त्यांनी एक पुस्तिका काढून वाटली. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद गाजले, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. १८९५ मध्ये शिकागोचे वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. माहेरचे नाव न सोडता त्यांनी वेल्स-बार्नेट असे जोडनाव घेतले, जे त्या काळी नवलाचेच होते. चार मुले झाली. सभांना तान्हे मूल घेऊन त्या जात.

१९०० साली न्यू ऑर्लिन्समध्ये रॉबर्ट चार्ल्स नावाचा मजूर रात्री मित्रासह एका घराच्या पायरीवर बसला असता पोलिसांनी त्याला हटकले. झटापट झाली, गोळ्या सुटल्या, तो पळाला. त्याचा शोध घेताना पोलीस मेले, आणि शहरात जमावाने दिसेल त्या कृष्णवर्णीयाला मारले. अखेर चार्ल्सही मारला गेला. इडा यांनी ‘मॉब रूल इन न्यू ऑर्लिन्स’ या पुस्तिकेत सुरुवातीच्या त्या पायरीवरच बोट ठेवले. वॉरंट नसताना, कोणताही गुन्हा घडलेला नसताना पोलीस त्या दोघांना पकडायला का गेले? आजच्या वादाचा गाभा या पुस्तिकेत जसा सापडतो तसा त्यांच्या अधिक प्रसिद्ध लेखनातही सापडत नाही.

मुंबईकरांना शेरीफ म्हणजे मानाचे, मिरवण्याचे पद ठाऊक आहे. अमेरिकेतील काउंटीचा शेरीफ हा निवडून आलेला कायद्याचा अधिकारी असतो आणि तुरुंगाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला असतात. इलिनॉय राज्याने १९०५ साली असा कायदा केला होता, की जमावाने कैदी पळवून ठार केल्यास शेरीफचे पद आपोआप रिकामे होईल. आपण शक्य ते सारे केले हे सिद्ध केले, तरच गव्हर्नरने त्याला परत नेमावे. नोव्हेंबर १९०९ मध्ये केरो या गावी विल जेम्स या कृष्णवर्णीय कैद्याला हजारोंच्या देखत मारण्यात आले. शेरीफ फ्रँक डेव्हिस याचे पद गेले आणि त्याने पुनर्नियुक्ती मागितली. इडा जाण्यास नाखूश होत्या. पुढे पुढे करते म्हणून स्वकीयांनीच त्यांना पुष्कळ बोल लावले होते. पतीने आग्रह धरला, थोरल्या मुलानेही गळ घातली, तेव्हा त्या निघाल्या.

केरोमध्ये पाहतात तो गावातील कित्येक कृष्णवर्णीयांनीच शेरीफच्या बाजूने पत्रांवर सह्या दिलेल्या! माणूस तसा भला, त्याने काहींना नोकऱ्याही दिल्या होत्या. घरोघर आणि सभेत इडा यांनी समजावले, की प्रश्न त्याच्या भलेपणाचा नाही, कैद्याच्या रक्षणासाठी त्याने काय केले याचा आहे. आज सह्या दिल्या तर उद्या दुसऱ्या गावचा शेरीफही हात झटकून मोकळा होईल. स्प्रिंगफील्ड येथील सुनावणीत एका बाजूला शेरीफचे वकील व प्रतिष्ठितांच्या शिफारशी, दुसऱ्या बाजूला पतीने लिहून दिलेले निवेदन घेऊन आलेली ही बाई. गव्हर्नर चार्ल्स डेनीन यांनी पुनर्नियुक्ती नाकारली.

इडा यांच्या कर्तृत्वाची यादी याहून लांब आहे. ‘एनएएसीपी’ या संस्थेच्या स्थापनेत त्या होत्या, पण पहिल्या समितीच्या यादीतून त्यांचे नाव आधी गाळले गेले आणि मागाहून घातले गेले. स्वभाव तडजोडीचा नव्हता, हे त्याचे एक कारण. पण पुढाऱ्यांना सडेतोड स्त्री पेलत नव्हती, हेही खरेच. मार्च १९१३ च्या वॉशिंग्टनमधील स्त्री-मताधिकार मोर्चात कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे चालावे असे ठरले, तेव्हा त्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉयची तुकडी आली तशी तीत शिरून गोऱ्या सख्यांच्या बरोबरीने चालल्या. त्याच वर्षी शिकागोच्या न्यायालयात त्या प्रोबेशन अधिकारी झाल्या. १९१७ साली ह्यूस्टनमध्ये पोलिसांच्या मारहाणीमुळे भडकलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या बंडानंतर तेरा जणांना फाशी झाली. इडा यांनी त्यांच्या स्मरणार्थ बिल्ले वाटले. गुप्तचर धमकावण्यास आले, तरी त्यांनी बिल्ले दिले नाहीत. अमेरिकी लष्कराने त्या प्रकरणातील ११० सैनिकांच्या शिक्षा रद्द केल्या त्या २०२३ साली. आर्कान्सासमधील एलेन येथे १९१९ साली झालेल्या हत्याकांडानंतर फाशी सुनावलेल्या बारा कूळ-शेतकऱ्यांना त्या नातलग म्हणून तुरुंगात भेटल्या, त्यांच्या तोंडून हकीगत ऐकून आल्या आणि ती छापली. पुढे ते बाराही जण सुटले.

१९३० मध्ये राज्याच्या सिनेटसाठी अपक्ष उभ्या राहून त्या हरल्या. २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांचे निधन झाले. आत्मचरित्र एका वाक्याच्या मध्येच थांबले होते. कन्या आल्फ्रेडा डस्टर यांनी ते संपादून छापून आणले, तोवर १९७० साल उजाडले.

लिंचिंग हा केंद्रीय गुन्हा ठरवणारे विधेयक १९२२ साली प्रतिनिधीगृहात संमत होऊन सिनेटमध्ये अडकले होते. पुढेही असे अनेक प्रयत्न फसले. अखेर २९ मार्च २०२२ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी एमेट टिल यांच्या नावाच्या कायद्यावर सही केली, तेव्हा इडा यांची पणती मिशेल डस्टर तेथे भाषणास उभी होती. या कायद्यात तीस वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. केरोच्या शेरीफची खुर्ची ज्या कलमाने गेली, तसे कलम मात्र त्यात नाही.